मुसळाभोवती वळलेली बोटं

बाई, काल तुमचं तेरावं झालं. पंगती वेळेत उठल्या, भात पुरला, कोणी रुसलं नाही. तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, म्हणून आधी सांगून टाकते.

आज सकाळच्या एसटीनं डोंगरकड्याहून हिंगोलीला आले आणि लॅब उघडली. दोन आठवड्यांची धूळ पुसली, यंत्र लावलं, आलेल्या लोकांचं रक्त घेतलं. आता दुपार आहे. रिपोर्ट लिहायच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. जे मी तुम्हाला बोलले ते तुम्ही सव्वीस वर्षं ऐकून घेतलंच. हे राहून गेलेलं आहे.

भेटायला आलेले लोक विचारतात, "जाऊच ना?" म्हणजे आई नव्हे, बहीण नव्हे, मग एवढं काय. मी त्यांना काही सांगत बसत नाही. माझी रेणू सहा महिन्यांची होती तेव्हा तुम्ही तिला माझ्या मांडीवरून उचललंत आणि म्हणालात, "जा तू. शीक ते रगत-लघवीचं. लेकराला मी पाहते." सासूबाई नको म्हणत होत्या, घरातले पुरुष नेहमीसारखे गप्प होते. तुमची स्वतःची शाळा सातवीला सुटलेली. मी नांदेडला राहून कोर्स केला आणि तोवर रेणू तुम्हाला माय म्हणायला लागली. मी परत आले तेव्हा मला आई म्हणाली. ते तसंच राहिलं. मला एकदाही वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण बोलले नाही, कारण माझ्या हातात नोकरी होती ती तुमच्यामुळे.

तुम्हाला आमवात झाल्याचं आधी कासारणीला कळलं, मला नाही. दर संक्रांतीला दोन-चारच्या मापाच्या बांगड्या भरणाऱ्या तुम्ही, त्या वर्षी दोन-सहाची बांगडीही अंगठ्याच्या मुळाशी अडकली. पुढच्या वर्षी दोन-आठ. कासारीण म्हणाली, "हाडं वाढून राहिली का बाई तुमची?" तुम्ही हसण्यावारी नेलंत. मला सांगितलंत ते सकाळी चरवी उचलेना तेव्हा. उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, मग ऊन वर आलं की जरा सुटते, असं म्हणालात. मी तिथंच ओळखलं. रक्त काढलं, रिपोर्ट माझ्याच हातानं लिहिला, नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी सुरू केली. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. गोळीचा वार सोमवार नको, उपवास असतो, म्हणून तुम्ही गुरुवार घेतलात. दर महिन्याला रक्त तपासायचं ते काम माझं.

एकदा रक्त दिल्यावर तुम्ही उठेनात. म्हणालात, "तू दर खेपेला माझं रगत घेऊन काय पाहतीस ते मला दाव."

मी काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. तुम्हाला एक डोळा मिटता येईना, म्हणून मी तो माझ्या तळहातानं झाकला.

"ज्वारीच्या राशीत जांभळं सांडल्यावानी दिसून राहिलं," तुम्ही म्हणालात.

"ती जांभळं म्हणजे पांढऱ्या पेशी. अंगाची राखण करतात."

"पांढऱ्या म्हणतीस अन् जांभळ्या दावतीस."

"रंग मी लावलाय. ऐका आता."

आणि मी सांगत सुटले. या पेशींत बऱ्याच जाती. काही जंतू दिसला की धावून जाऊन त्याला गिळतात. काही ओळख पटवतात, हा आपला, हा परका. काही परक्याविरुद्ध हत्यारं घडवतात. काही नुसती आठवण धरून बसतात, तोच परका पुन्हा आला तर वेळ जाऊ नये म्हणून. तुमच्या अंगात ओळख पटवणाऱ्यांची चूक झाली. सांध्याच्या आत पोळीच्या पापुद्र्याएवढं पातळ अस्तर असतं, ते त्यांनी परकं ठरवलं. मग हत्यारं घडली, गिळणाऱ्या आल्या, त्यांनी रसायनं सोडून आणखी जणींना बोलावलं. अस्तर सुजून जाड झालं आणि आता ते शेजारचं हाड खातंय. रक्तात या पेशी फक्त वाटेवर दिसतात. खरी मारामारी सांध्यात चाललेली असते.

तुम्ही डोळा न काढता ऐकलंत. मग म्हणालात, "म्हणजे हळद राखायला माणूस ठेवला अन् त्यानंच गड्डे उकरले."

"तसंच."

"अन् तुझी गोळी काय करती? त्याला काढून टाकती?"

"काढत नाही. गुंगवते."

"मग तवाच डुकरं आली तर?"

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींपैकी एकीनंही हा प्रश्न कधी विचारला नाही. मी म्हणाले, "तर अंग तापेल. ताप आला की गोळी बंद आणि मला फोन."

"बराबर," तुम्ही म्हणालात. मग सूक्ष्मदर्शकापासून मागे सरलात, सुजलेली बोटं दुसऱ्या हातानं चोळलीत आणि विचारलंत, "पण मंगल, त्यायला कोणं सांगितलं मी परकी हाय म्हणून?"

मी म्हणाले, "बाहेर लोक थांबलेत. नंतर सांगते."

नंतर म्हणजे दिवाळीत. स्वयंपाकघरात दोन्ही नणंदा होत्या, शेजारच्या बायका करंज्यांना आल्या होत्या. तुम्ही मिश्री लावत बसला होतात आणि थोरल्या नणंदेनं विचारलं, "वहिनीला हे काहून झालं असंल?" मी तुमच्या हातातली डबी घेऊन चुलीत टाकली. "यामुळं," म्हणाले. "हे तोंडातलं विष सोडवत नाही आणि मग सांधे धरून बसायचं."

तुम्ही तोंड धुवून आलात आणि करंज्या तळायला बसलात.

बाई, विडी-सिगारेटचा आणि या रोगाचा संबंध आहे. हिरड्यांच्या दुखण्याचाही असावा असं म्हणतात. मिश्रीचा पक्का कोणी दाखवलेला नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी लॅबवाली, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि काहीतरी कारण द्यायचं होतं. मिश्री वाईट ती वाईटच, ती सुटली ते बरंच झालं. पण त्या दिवसापासून तुम्ही मला काही विचारायचं सोडलंत. हात पुढे करायचात, मी रक्त घ्यायची, तुम्ही कापूस दाबून निघायचात. मला वाटलं, पेशंट शहाणा झाला.

मग रेणूचं लग्न ठरलं.

हळद फोडायचा मान तुमचा, यात वादच नव्हता. तुम्ही तिला न्हाऊ घातलं, तुम्ही तिला चालायला शिकवलं. पण त्या माघात तुमची बोटं अशी होती की पेला दोन्ही तळव्यांत धरून पाणी प्यायचात. मी म्हणाले, "मुसळाला नुसता हात लावा, बाकी नणंदा फोडतील. शास्त्रापुरतं." तुम्ही "बरं" म्हणालात. तुमचं "बरं" मला कधी ऐकू आलं नाही, बाई. मी ते नेहमी होकार म्हणून घेतलं.

लग्नाला दोन महिने असताना तुमचे हात सुधारायला लागले. सूज उतरली. चेहरा भरला, गालांवर तेज आलं. रिपोर्टमध्ये ईएसआर, म्हणजे अंगातली सूज सांगणारा आकडा, निम्म्यावर आला. मी तुमची काच पाहिली. शंभर पेशी मोजायच्या असतात. तुमच्या रक्तात नेहमी नारिंगी दाण्यांच्या सहा-सात पेशी निघायच्या. शेतात राबणाऱ्या आपल्या बायकांत हे नेहमीचंच आहे, धुळीनं, जंतांनी. त्या दिवशी शंभरात एकही नव्हती. मी आणखी शंभर मोजल्या. नव्हती. गिळणाऱ्या पेशी मात्र भरपूर. माझा हात थांबला, हे मला आठवतं. मग मनात म्हणाले, मध्ये जंताची गोळी दिली होती तिनं काम केलं. आणि पुढची काच लावली.

हळद फोडायच्या दिवशी मुसळाला आंब्याची पानं बांधलेली होती. तुम्ही पुढे झालात. सगळ्यांना वाटलं, नुसता हात लावतील. तुम्ही मुसळ धरलंत. दाही बोटं त्याच्याभोवती वळली. तीन वर्षांत मी तुमची मूठ मिटलेली पाहिली नव्हती. तुम्ही ते उचललंत आणि उखळात असं घातलंत की हळकुंड एका घावात फुटलं. रेणू रडायला लागली. नणंदांनी गाणं मध्येच सोडलं.

आणि मी काय केलं? मी सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, गोळीचा गुण. वेळेवर घेतली की असं होतं. उगाच झाडपाला आणि पुड्या करत बसता."

तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. "व्हय," म्हणालात. "मंगलची गोळी."

आषाढात तुमचा फोन आला. मी सुई हातात घेऊन उभी होते, फोन खांद्यानं कानाला दाबलेला.

"पाय जड पडून राहिला गं. काटा मोडला होता बाभळीचा."

"ताप?"

"न्हाई. तू दिल्या त्या यंत्रानं पाहिलं. अंग गारच हाय."

"मग गोळी नेहमीसारखी घ्या. पाय धुवून कोरडा ठेवा, गावातल्या डॉक्टरांना दाखवा."

"बरं." मग जरा थांबून, "मंगल..."

"बोला लवकर."

"न्हाई. रेणू बरी हाय ना?"

रेणू बरी होती. मी फोन ठेवला. ताप आला तर फोन, ताप नाही तर गोळी. नियम मीच केलेला होता आणि तो मी पाळला.

जंतू स्वतः ताप आणत नाहीत, बाई. राखण करणाऱ्या पेशी हाका मारतात, त्या हाकांनी अंग तापतं. हाका मारणाऱ्यांचीच तोंडं दाबलेली असतील तर ताप येणार कुठून. डुकरं शेतात शिरली होती आणि एकही कुत्रं भुंकलं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही अंगणात पडलात, तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा होता.

नांदेडला दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं नाही, तुमच्या खाटेपाशीच विचारलं, "आठवड्याच्या गोळीशिवाय आणखी काही चालू होतं? पुड्या, काढे, कुठलं इंजेक्शन?"

मी म्हणाले, "नाही. मी लॅबमध्ये काम करते, यांचं रक्त दर महिन्याला मी स्वतः पाहते."

त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? तुम्ही शुद्धीवर होतात. तोंडावर ऑक्सिजन होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हात जरासा उचललात. मी तो खाली ठेवला, सलाइन निघेल म्हणून, आणि उशी सरळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

ते बघणं मी रोज बघते. तुम्ही सांगत होतात की माफी मागत होतात की नुसतं पाणी हवं होतं, हे मला कधी कळणार नाही.

घरी आणल्यावर बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, हिरव्या बांगड्या भरायला हव्यात. बांगड्यांचा डबा मला आणायला सांगितलं. तुमचा तो पत्र्याचा डबा, फुलं रंगवलेला. वर जुन्या दोन-चारच्या बांगड्या होत्या, कधीच्या न घातलेल्या, तरी पुसून ठेवलेल्या. खाली वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या. अकरा. एक उघडून पाहिली, पांढरी पूड. मी ती मिटली, बांगड्या घेतल्या, डबा लावला आणि बाहेर आले.

बांगड्या हातात जाईनात. कोणी म्हणालं, साबण लावा, कोणी म्हणालं, जरा दाबा. मी म्हणाले, "हाताला कोणी हात लावायचा नाही." फार मोठ्यानं म्हणाले असेन, सगळ्या मागे सरल्या. मग मी बांगड्या हिरव्या दोऱ्यात ओवल्या आणि तुमच्या मनगटाला बांधल्या. रक्त घेताना पट्टा बांधते तशाच, फक्त सैल.

तुमच्या मालकांना, मोठ्या भाऊजींना, मी काल विचारलं. पंगती उठल्या होत्या, ते ओट्यावर एकटे सुपारी कातरत बसले होते.

"भाऊजी, बाई पुड्या घेत होत्या?"

अडकित्ता थांबला. "बाजारात एक माणूस येतो. त्याच्या घेत होती. पोरीच्या हळदीपुरत्या घेते म्हणाली. मुसळ धरता आलं पायजे म्हणून."

"मग नंतर बंद का नाही केल्या?"

"केल्या होत्या की. चार रोजात हात पुन्हा आकडले. तकलीफ पहिल्यापेक्षा जास्त. मग चालूच ठेवल्या."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

त्यांनी सुपारीची खांडं तळहातावर गोळा केली. मग म्हणाले, "मी म्हणत होतो, मंगलला सांग. तिनं आण घातली. म्हणे, सगळ्यायसमोर ती म्हणली ना गोळीचा गुण म्हणून. आता सांगितलं तर पोरीची मान खाली जाईल."

पोरीची. छप्पन्न वर्षांच्या बाईनं पन्नाशीला टेकलेल्या जावेला पोरगी म्हणायचं, आणि तिची मान ताठ राहावी म्हणून मरायचं.

मी तुमच्यावर चिडले आहे, हे लिहून ठेवते. माझी मान काय काचेची होती का? चारचौघांत खाली गेली असती, चार दिवसांत वर आली असती. दिवाळीत डबी चुलीत टाकणारी मी आणि लग्नात फुशारकी मारणारी मी, माझं तुम्ही एवढं काय राखत बसलात? आणि चिडून झालं की समजतं, तुम्ही मला ओळखत होतात. सांगितलं असतं तर मी आधी ओरडले असते. दोन दिवस ओरडले असते. मग डॉक्टरांकडे नेलं असतं, आणि त्या दिवशी खाटेपाशी नाही म्हणाले नसते. तुम्ही वाचला असतात का, हे डॉक्टरांनाही आता सांगता येत नाही. पण त्यांच्या हातात एक गोष्ट जास्त आली असती, एवढं नक्की.

पुड्यांत काय होतं ते मी सिद्ध करू शकत नाही. ती तपासणी माझ्या लॅबमध्ये होत नाही. मला वाटतं, स्टेरॉइड होतं, सूज उतरवणारं आणि तापही दाबणारं. आज सकाळी खोका काढून तुमची ती लग्नाआधीची काच शोधली. आम्ही काचा काही महिने ठेवतो, मग धुवायला टाकतो. तुमची होती. पुन्हा लावली, पुन्हा शंभर मोजल्या. नारिंगी दाण्यांची एकही नाही. ओळख पटवणाऱ्याही कमी. स्टेरॉइड पोटात गेलं की रक्त असंच दिसतं, हे मी दर वर्षी पोरींना शिकवते. तुम्ही सांगितलं नाहीत असं मी काल रात्रीपर्यंत म्हणत होते. तुमच्या रक्तानं सांगितलं होतं, महिना महिना सांगत होतं. मला "बाई, आणखी काही घेता का?" एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर मला माझं हवं होतं.

आज सकाळी शिरड शहापूरची एक बाई आली होती. हात तुमच्यासारखे. मी पट्टा बांधला आणि विचारलं, "दवाखान्याच्या गोळीसोबत दुसरं काय घेता?" तिनं पदर घट्ट धरला. मी म्हणाले, "घेत असाल तर घ्या. मी रागावणार नाही. पण मला दाखवा, आणि मनानं एकदम बंद करू नका." तिनं पदराची गाठ सोडली. वर्तमानपत्राचा तसाच कागद.

तिचं रक्त घेऊन झालं, डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली, ती गेली. तुमची काच अजून लावलेलीच आहे.

डोंगरकड्याच्या मळ्यात तुम्हाला अग्नी दिला, राख पाण्यात सोडली. तुमच्या अंगाचं म्हणून जगात आता एवढंच आहे, या काचेवरचा एक थेंब. त्यात तुमच्या त्या राखण करणाऱ्या पेशी आहेत. ज्यांनी तुमची बोटं मोडली त्याच. मी त्यांच्यावर राग धरून पाहिला, जमत नाही. ज्वारीच्या राशीत जांभळं सांडल्यासारखं दिसतं, तुम्ही म्हणालात तसंच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. बाहेर आता कोणी थांबलेलं नाही. त्यांना कोणी सांगितलं तुम्ही परक्या म्हणून? मिश्रीनं नाही. तुम्ही काही केलं म्हणून नाही. मोठमोठ्यांनाही अजून नीट उलगडलेलं नाही आणि मला तर नाहीच. बाई, मला माहीत नाही. हे मी त्याच दिवशी, तुमचा डोळा माझ्या तळहाताखाली होता तेव्हा म्हणाले असते, तर पुड्यांचं तुम्ही मला सांगितलं असतं.